वगळत वगळत ऐकणे : रेडिओ स्कॅनरचा मागोवा

रेडिओलहरींच्या अफाट पसाऱ्यात 136 ते 174 मेगाहर्ट्झ हा एक लहानसा पट्टा आहे. जहाजे, रेल्वे, पोलिस, अग्निशमन दले, कारखान्यांचे पहारेकरी, हौशी (हॅम) रेडिओवाले अशा अनेकांची बोलणी जगभर या पट्ट्यात चालतात. दर साडेबारा किलोहर्ट्झला एक थांबा धरला, तर इथे 3,040 थांबे होतात. सेकंदाला शंभर थांबे तपासणारा स्कॅनर अर्ध्या मिनिटात हा सगळा पट्टा पालथा घालतो. लहर सापडली की थांबायचे, ऐकवायचे आणि बोलणे संपले की पुढे सरकायचे, एवढेच त्याचे काम.

आज हे काम मध्येच अडते. स्कॅनर थांबतो, पण कानावर माणसाचा आवाज येत नाही. येते ती एकसुरी, खरखरीत घरघर. तो डिजिटल संदेश असतो. साध्या अ‍ॅनालॉग स्कॅनरला त्यातून काही उलगडत नाही. त्यातही थांबा एखाद्या डिजिटल यंत्रणेच्या नियंत्रण चॅनेलचा, म्हणजे कोणत्या संचाने कुठे बोलायचे ते सांगणाऱ्या चॅनेलचा, असेल, तर तिथली लहर दिवसरात्र चालूच असते. लहर बंद झाल्यावर पुढे जायचे, एवढेच शिकवलेला स्कॅनर मग तिथेच अडकून पडतो आणि उरलेल्या हजारो थांब्यांकडे फिरकतही नाही. म्हणून जगभरच्या श्रोत्यांना एक साधी वाटणारी सोय हवी असते : शोध घे, पण डिजिटल दिसले की न थांबता पुढे जा.

या मागणीची मुळे शोधत गेले की लक्षात येते, दूरचे ऐकणाऱ्या यंत्राची जवळजवळ प्रत्येक सुधारणा ही काय ऐकायचे नाही हे ठरवण्याची सुधारणा होती. आधी खरखर वगळली, मग रिकामे चॅनेल वगळले, मग यंत्रांची आपसातली बोलणी वगळली. डिजिटल वगळणे ही त्याच वाटेवरची पुढची पायरी.

डेट्रॉइटची गस्तीची गाडी

दुसऱ्याच्या कामाचे बोलणे घरबसल्या कानावर पडावे, ही शक्यता अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराने निर्माण केली. तिथल्या पोलिसांनी 1920 च्या दशकाच्या आरंभापासून गस्तीच्या गाड्यांत रेडिओ बसवण्याचे प्रयोग चालवले होते. त्यांच्या केंद्राला मिळालेले नाव होते केओपी. परवाना मात्र मनोरंजनाच्या केंद्राचा, म्हणून चोरीच्या गाड्यांचे क्रमांक सांगता सांगता मध्ये संगीतही वाजवावे लागे. धावत्या गाडीच्या धक्क्यांनी रिसीव्हर बिघडत आणि इंजिनाच्या ठिणग्यांमुळे आवाज बुडून जाई. केनेथ कॉक्स आणि रॉबर्ट बॅट्स यांनी गाडीत टिकेल असा रिसीव्हर तयार केला आणि 7 एप्रिल 1928 पासून नियमित सेवा सुरू झाली. ती एकतर्फी होती : मुख्यालय बोले, गाडीतला शिपाई फक्त ऐके. 1933 मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉन शहराच्या पोलिसांनी गाडीतून उलट बोलण्याचीही सोय केली.

पोलिसांना मिळालेल्या वारंवारता मनोरंजन केंद्रांच्या पट्ट्याला अगदी लागून होत्या. त्यामुळे घरातल्या रेडिओची सुई थोडी पलीकडे सरकवली की पोलिसांचे आदेश ऐकू येत. 1930 च्या दशकातल्या अनेक अमेरिकी रेडिओंच्या तबकडीवर ‘पोलिस’ असा वेगळा पट्टाच छापलेला असे. कंपन्यांनी या कुतूहलाला माल म्हणून विकले आणि लोकांनी तो आवडीने घेतला.

या ऐकण्याला पेशाचे रूप दिले ते न्यूयॉर्कच्या आर्थर फेलिग या वृत्तछायाचित्रकाराने. जग त्याला वीजी या नावाने ओळखते. 1938 मध्ये त्याला आपल्या गाडीत पोलिसांचा पट्टा ऐकणारा रेडिओ ठेवण्याची परवानगी मिळाली. आग, अपघात, खून काहीही असो, तो बऱ्याचदा इतरांच्या आधी तिथे हजर असे. 1945 साली आलेल्या ‘नेकेड सिटी’ या त्याच्या छायाचित्रसंग्रहामागे हे रात्र रात्र ऐकणे आहे. सरकारी यंत्रणा आपापसांत काय बोलते ते ऐकून शहराचे खरे चित्र लोकांपुढे मांडता येते, हे त्याने दाखवून दिले. पुढे अनेक वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांमध्ये स्कॅनर आले, ते याच कारणासाठी.

हाताने घेतलेला शोध

डेट्रॉइटचा श्रोता ठरलेल्या जागी सुई नेऊन ठेवत होता. आज ज्याला आपण ‘सर्च’ म्हणतो, तो अज्ञाताचा शोध, त्याची घडण युद्धात झाली.

जून 1940 मध्ये ब्रिटनच्या हवाई दलाला शंका आली की जर्मन बॉम्बफेकी विमाने रात्री रेडिओच्या अरुंद झोतावरून वाट काढतात. रेजिनाल्ड व्हिक्टर जोन्स हा अवघ्या 28 वर्षांचा शास्त्रज्ञ ही शंका धरून बसला होता. झोत कोणत्या वारंवारतेवर असेल, याचा फक्त अंदाज होता. त्या पट्ट्यात ऐकू शकेल असा रिसीव्हर लष्कराच्या भांडारात सहजी मिळेना. कामी आला तो हॅलिक्राफ्टर्स एस-27, अमेरिकी हौशी लोकांसाठी बनवलेला. 21 जूनच्या रात्री अ‍ॅन्सन विमानात तो ठेवून उड्डाण झाले आणि 31.5 मेगाहर्ट्झवर झोत सापडला. रुंदी साधारण चारपाचशे यार्ड. एका बाजूला ठिपक्यांचा ध्वनी, दुसऱ्या बाजूला रेघांचा आणि मधोमध अखंड सूर. त्या लहरीत ऐकण्याजोगा मजकूर काहीच नव्हता. पण ती आहे, अमुक जागी आहे आणि अमुक दिशेला जाते, एवढे कळणेच लाखमोलाचे ठरले.

दोनच वर्षांनी मुंबईत असाच शोध चालला होता, पण उलट्या बाजूने. ‘भारत छोडो’ची हाक दिल्यावर नेत्यांची धरपकड झाली. बाविशीतल्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट 1942 च्या अखेरीस गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. तरंगलांबी 42.34 मीटर, म्हणजे सुमारे सात मेगाहर्ट्झ. वृत्तपत्रांत छापता न येणाऱ्या बातम्या या केंद्रावरून देशभर जात. ब्रिटिश यंत्रणा ते कार्यक्रम नोंदवून घेत होती आणि दिशाशोधक उपकरणे घेऊन पोलिस त्यांच्या मागावर होते. केंद्र जागा बदलत राहिले. अखेर 12 नोव्हेंबर 1942 रोजी ते पकडले गेले. लहर पाठवणाऱ्याला स्वतःची जागा लपवणे फार अवघड असते, हे रेडिओचे वास्तव मुंबईने त्या वर्षी अनुभवले.

या दोन्ही ठिकाणी शोध घेणारा माणूस होता. चकती फिरवायची, कान लावायचा, कामाचे नसेल तर पुढे सरकायचे. माणसाला आवाज आणि गोंगाट यांतला फरक क्षणात कळतो. हा निवाडा यंत्राला शिकवायचा म्हटल्यावर खरी कसोटी सुरू झाली.

खरखर वगळणारी कळ

अमेरिकी अभियंता एडविन आर्मस्ट्राँगचे नाव या वाटेवर पुन्हा पुन्हा येते. 1918 मध्ये पॅरिसमध्ये अमेरिकी सैन्यात काम करताना त्याने सुपरहेटरोडाइन रिसीव्हरची कल्पना मांडली. बाहेरची कोणतीही वारंवारता आत एकाच ठरलेल्या वारंवारतेवर आणायची आणि मग तिथे ती नीट गाळून घ्यायची. स्कॅनरचा पाया हाच आहे. कारण आतल्या एकाच आंदोलकाची वारंवारता बदलत गेली की सगळा पट्टा आपोआप समोरून सरकतो.

आर्मस्ट्राँगची दुसरी देणगी एफएम. डिसेंबर 1933 मध्ये त्याला एफएमची पेटंटे मिळाली आणि नोव्हेंबर 1935 मध्ये न्यूयॉर्कच्या अभियंत्यांपुढे त्याने ती पद्धत मांडली. जुन्या एएम पद्धतीत आवाज लहरीच्या उंचीवर लिहिला जातो; वीज कडाडली, इंजिनाची ठिणगी पडली की त्याच उंचीवर ओरखडे उठतात. एफएममध्ये आवाज वारंवारतेच्या किंचित हलण्यात असतो, त्यामुळे हे ओरखडे बहुतांशी पुसले जातात. 1940 मध्ये अभियंते डॅनियल नोबल यांच्या आराखड्यानुसार कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी दुतर्फा एफएम यंत्रणा उभी केली आणि गस्तीच्या रेडिओचा पुढचा काळ एफएमचा झाला.

एफएमची एक खोड मात्र आहे. समोर लहर नसेल तेव्हा रिसीव्हर मोठ्याने फसफसत राहतो. आठ तास तो आवाज कानावर घेऊन कोणी काम करू शकत नाही. म्हणून स्क्वेल्च ही सोय अटळ झाली. मानवी आवाजाच्या वरच्या पट्टीतला गोंगाट यंत्र मोजत राहते. वाहक लहर आली की तो गोंगाट दबतो आणि मग यंत्र ध्वनिक्षेपकाचा मार्ग उघडते. ही पहिली वगळणी.

स्क्वेल्च काय तपासते ते नीट लक्षात घेतले पाहिजे, कारण आजच्या अडचणीचे मूळ तिथे आहे. लहर आहे की नाही, एवढेच ते पाहते. लहरीवर माणूस बोलतो आहे की यंत्र, याच्याशी त्याला काही कर्तव्य नाही. त्या काळी तसे विचारण्याचे कारणही नव्हते. लहर आली म्हणजे कोणीतरी बोलत होते.

पुढे एकाच चॅनेलवर अनेक संस्था आल्या, तेव्हा आवाजाखाली एक मंद सूर मिसळण्याची युक्ती आली. 67 ते सुमारे 250 हर्ट्झमधला एखादा सूर बोलण्यासोबत सतत जातो. ज्याच्या संचाला तो सूर ठरवून दिलेला, त्याचाच आवाज उघडतो. सीटीसीएसएस या नावाची ही युक्ती शेजाऱ्याचे बोलणे आपल्या संचावर येऊ नये म्हणून होती. अनेक दशकांनंतर ती वेगळ्याच कामी आली.

स्फटिकांकडून कळफलकाकडे

1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत घरगुती स्कॅनर आले. या धंद्याची दोन मोठी घरे इंडियाना राज्यातली : ‘बेअरकॅट’ बनवणारी इलेक्ट्रा आणि इंडियानापोलिसची रीजन्सी. पहिला व्यापारी ट्रान्झिस्टर रेडिओ, ऑक्टोबर 1954 चा टीआर-1, याच रीजन्सीने आणला होता. त्या स्कॅनरांत प्रत्येक चॅनेलसाठी क्वार्ट्झचा एक स्फटिक लागे. दुकानात जाऊन हव्या त्या वारंवारतेचा स्फटिक विकत आणायचा आणि खाचेत बसवायचा. आठ खाचा असतील तर आठ चॅनेल. दिवे एकामागून एक लुकलुकत जात आणि जिथे लहर असेल तिथे थांबत. गावातला पोस्टमन सगळ्या दारांवरून जातो आणि पत्र असेल तिथेच थांबतो, तसे हे काम होते. रिकामे चॅनेल वगळले, ही दुसरी वगळणी. पण दारे आधीपासून ठाऊक हवीत. जे माहीत नाही त्याचा स्फटिक कुठून आणणार?

ही भिंत पडली ती सिंथेसायझरमुळे. एका स्थिर स्फटिकाच्या आधारे हवी ती वारंवारता तयार करणे ज्यावर उभे आहे ते फेज-लॉक मंडल फ्रान्सच्या आंरी द बेलसीझ याने 1932 मध्येच मांडले होते. पण ते स्वस्तात बनायला 1970 च्या दशकातल्या चिप याव्या लागल्या. 1977 च्या सुमारास आलेल्या बेअरकॅट 210 मध्ये स्फटिक विकत आणण्याची गरज उरली नव्हती. कळफलकावर आकडे दाबायचे आणि दहा चॅनेल भरायचे. त्याहून महत्त्वाची कळ होती ‘सर्च’ची. खालची सीमा द्या, वरची सीमा द्या. यंत्र मधली प्रत्येक पायरी चढत जाईल आणि अनोळखी लहर दिसली की थांबेल. अ‍ॅन्सन विमानात बसलेल्या माणसाचे काम आता टेबलावरची पेटी करू लागली.

त्या कळीशेजारी आणखी एक कळ आली, ‘लॉकआउट’ : ही जागा पुन्हा दाखवू नकोस. शोध सुरू होताच वगळण्याची यादीही सुरू झाली. ज्याने कोणी स्कॅनर मनापासून वापरला आहे, त्याला ठाऊक असते की चांगला श्रोता या यादीवर जास्त कष्ट घेतो.

यंत्रांची बोलणी

1980 च्या दशकात हवेत पेजरांची गर्दी झाली. पॉक्सॅग ही त्यांची ब्रिटिश टपाल खात्याच्या पुढाकाराने ठरलेली भाषा. सेकंदाला 512, 1200 किंवा 2400 बिटांनी अंक आणि अक्षरे पाठवणारी. भारतात पेजर 1995 च्या सुमारास आले आणि थोड्याच वर्षांत मोबाईलने त्यांना मागे टाकले. पण अमेरिका-युरोपात पेजरचे मनोरे दिवसरात्र चिरचिरत. स्कॅनरचा शोध तिथे अडकू लागला. लहर आहे, पण माणूस नाही, ही परिस्थिती आता रोजची झाली.

यावर युनिडेन कंपनीच्या काही स्कॅनरांत ‘डेटा स्किप’ ही सोय आली, तर जपानच्या आयकॉमने काही रिसीव्हरांत व्हॉइस स्कॅन कंट्रोल दिले. लहरीवर खरोखर बोलणे आहे का, हे पाहायचे आणि नसेल तर सरकायचे. कल्पना सरळ आहे. माणूस बोलताना श्वास घेतो, अडखळतो, दोन शब्दांत क्षणभर थांबतो. त्याच्या आवाजाची ताकद सतत वरखाली होते. डेटा मात्र एकसारखा वाहतो. हा फरक ओळखण्यात चुका होत. क्षीण आवाज निसटून जाई, एखादी शीळ आवाज समजली जाई. तरीही इथे प्रथमच यंत्राला विचारायला लावले गेले की यावर कोणी माणूस आहे का. डिजिटल वगळण्याचा थेट पूर्वज हाच.

कायद्याने वगळलेला पट्टा

याच काळात एक वगळणी कायद्याने लादली. पहिल्या पिढीचे मोबाईल अ‍ॅनालॉग एफएमच वापरत; 800 मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकू शकणाऱ्या कोणत्याही स्कॅनरवर लोकांची खासगी बोलणी ऐकू येत. अमेरिकेने 1986 च्या कायद्याने असे ऐकणे गुन्हा ठरवले आणि 1994 पासून मोबाईलचा पट्टा ऐकू शकणाऱ्या स्कॅनरांची निर्मिती व आयात बंद केली. ब्रिटनमध्ये हौशी श्रोत्यांनी टिपलेले युवराज्ञी डायनाचे संभाषण ऑगस्ट 1992 मध्ये छापून आले. डिसेंबर 1996 मध्ये फ्लोरिडातल्या एका दांपत्याने अमेरिकी संसदेचे सभापती न्यूट गिंगरिच यांचे बोलणे स्कॅनरवरून ध्वनिमुद्रित केले आणि ते प्रकरण फार दूर गेले.

हे ऐकणे चूक होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दोन माणसांचे खासगी बोलणे उघड्या हवेतून नेणे ही यंत्रणेची चूक आणि ते चवीने ऐकणे ही श्रोत्याची. भारत या वळणातून गेलाच नाही. आपल्याकडे 31 जुलै 1995 रोजी पहिला मोबाईल संवाद झाला तोच डिजिटल जीएसएमवर. अमेरिकेत अ‍ॅनालॉग मोबाईल चालू ठेवण्याची सक्ती फेब्रुवारी 2008 मध्ये संपली. खासगी बोलणे डिजिटल कुलपात गेले ते योग्यच झाले.

चार पायऱ्यांवर नाचणारी लहर

सार्वजनिक सेवांचे डिजिटल होणे मात्र वेगळ्या कारणाने घडले. वारंवारता कमी पडत होत्या आणि शेजारच्या दोन शहरांची अग्निशमन दले एकमेकांशी बोलू शकत नव्हती. 1989 मध्ये अमेरिकेत पी25 या सामायिक मानकाचे काम सुरू झाले. युरोपने 1995 च्या सुमारास टेट्रा हे मानक आणले आणि 2005 मध्ये डीएमआर. डीएमआरमध्ये एकाच साडेबारा किलोहर्ट्झच्या जागेत तीस-तीस मिलिसेकंदांच्या आळीपाळीने दोन संभाषणे चालतात. अमेरिकेत 1 जानेवारी 2013 पासून 25 किलोहर्ट्झचे रुंद चॅनेल अरुंद करणे बंधनकारक झाले, तेव्हा अनेकांनी नवे संच घेताना डिजिटलच घेतले.

पी25 मध्ये आवाजाचे वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे 88 बिटांत वर्णन होते. चुका सुधारण्याची भर घालून सेकंदाला 9,600 बिट हवेत जातात. ते नेण्यासाठी वाहक लहर मध्यापासून वरखाली 600 आणि 1,800 हर्ट्झ अशा चार ठरावीक जागांवर सेकंदाला 4,800 वेळा सरकते. बोलणारा गप्प बसला तरी लहरीचा नाच थांबत नाही, कारण शांततेचेही बिट पाठवावे लागतात. अ‍ॅनालॉगमध्ये माणूस थांबला की लहर स्थिर होते.

या फरकावरच ओळख उभी आहे. यंत्र एफएम उलगडून पाहते : सूर मोकळेपणाने हिंडतो आहे की चार पायऱ्यांवरच पाय टाकतो आहे? दुसरी खूण अधिक पक्की. पी25 असो वा डीएमआर, मधून मधून 48 बिटांचा ठरलेला सांकेतिक क्रम येतो, ज्यावरून घेणाऱ्याला सुरुवात कळते. तो दिसला की डिजिटल निश्चित. पण पी25 मध्ये आवाजाचा एक गट 180 मिलिसेकंदांचा आणि डीएमआरमध्ये 360 चा असतो. म्हणजे खात्री करायला तेवढे थांबावे लागू शकते. सेकंदाला शंभर थांबे धावणाऱ्या यंत्रासाठी हा काळ मोठा आहे. घाई केली तर चुकून माणूस वगळला जातो, सावकाशी केली तर दुसरीकडचे छोटेसे बोलणे हुकते. प्रत्येक स्कॅनर या दोन्हींमध्ये कुठेतरी आपला समतोल ठरवतो.

इथे एक विरोधाभास आहे. डिजिटल वगळण्यासाठी आधी डिजिटल ओळखता आले पाहिजे. ट्रंकिंग यंत्रणांचा, म्हणजे थोडे चॅनेल अनेक गटांत आळीपाळीने वाटणाऱ्या यंत्रणांचा, माग काढणारा युनिडेनचा स्कॅनर 1997 मध्ये आला आणि पी25 चा आवाज उलगडू शकणारे संच पुढच्या दशकाच्या आरंभी. नंतरच्या महागड्या संचांत चॅनेलसाठी निवड देता येते : सगळे, फक्त अ‍ॅनालॉग किंवा फक्त डिजिटल. साध्या, स्वस्त संचाला घरघर कळत नाही, म्हणून तो तिथेच थांबून राहतो.

ज्यांच्या हाती साधा संच आहे, त्यांनी जुन्या सोयींतून वाटा काढल्या. सीटीसीएसएसचा सूर फक्त अ‍ॅनालॉग बोलण्याखाली असतो. म्हणून कोणताही सूर सापडला तरच उघड, असे सांगून शोध लावला की डिजिटल आपोआप गळते. मात्र सूर न वापरणारे अ‍ॅनालॉगवालेही त्याबरोबर गळतात. दुसरी वाट दोन सेकंदांनी सक्तीने पुढे ढकलण्याची. तिसरी तीच, एकेक जागा लॉकआउट करत यादी बांधण्याची. 2012 मध्ये टीव्ही पाहण्यासाठीच्या काही स्वस्त यूएसबी पट्ट्या रिसीव्हर म्हणून वापरता येतात हे उघड झाले, तेव्हापासून संगणकाच्या पडद्यावर पट्ट्याचा सलग तुकडा एकाच वेळी दिसू लागला. डिजिटल लहर तिथे सारख्या रुंदीची, भरीव पट्टी दिसते आणि माणसाचा आवाज अक्षरागणिक फुलतो, आकसतो. कानाआधी डोळाच वगळू लागला.

उघडे राहिलेले आवाज

एवढे सगळे वगळून शेवटी उरते काय? ही यादी मला फार अर्थपूर्ण वाटते. 118 ते 137 मेगाहर्ट्झमध्ये जगभरचे वैमानिक आजही अ‍ॅनालॉग एएमवर बोलतात. समुद्रात 156.8 मेगाहर्ट्झचा चॅनेल 16 अ‍ॅनालॉग एफएमवर उघडा असतो. कोकण किनाऱ्यावरचा मच्छीमार तांडेल आणि परदेशी तेलवाहू जहाज, दोघेही मदतीची हाक तिथेच देतात. आपल्या रेल्वेत गार्ड (आता ट्रेन मॅनेजर) आणि लोको पायलट यांच्या हातातल्या वॉकी-टॉकींवर वर्षानुवर्षे साधे एफएम चालत आले. हॅम मंडळींचा 144 ते 146 मेगाहर्ट्झचा पट्टा तर बोलावे आणि ऐकले जावे यासाठीच आहे.

ही ठिकाणे मागासलेली राहिली, असे समजणे चूक ठरेल. विमानांनी एएम टिकवले त्यामागे कारण आहे. एफएमवर दोघे एकदम बोलले तर जोरकस लहर दुसरीला पूर्ण गिळते. एएमवर दोन्ही मिसळून शीळ उठते आणि आणखी कोणीतरी बोलत होते हे कळते. 27 मार्च 1977 रोजी तेनेरीफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमाने आदळून 583 माणसे गेली, तेव्हा अशीच शीळ महत्त्वाच्या शब्दांवर पडली होती. तिने इशारा दिला, पण माणसांना तो उमजला नाही. त्या दुर्घटनेनंतर जगाने बोलण्याची शिस्त बदलली.

या सगळ्या उघड्या जागांमध्ये एक समान सूत्र आहे : इथे बोलणाऱ्याला अनोळखी कानाची गरज आहे. बुडत्या होडीला ठाऊक नसते कोण जवळ आहे. म्हणून तिचा आवाज कोणत्याही कंपनीच्या, कोणत्याही वर्षीच्या संचावर, कोणत्याही किल्लीवाचून कळला पाहिजे. शिवाय अ‍ॅनालॉग लहर क्षीण झाली तरी खरखरीतून शब्द ओळखू येतात; डिजिटल एका मर्यादेपर्यंत स्वच्छ चालते आणि मग एकदम तुटते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा संपर्क जोडायला हॅम रेडिओवाले धावले. कोणाचा संच कोणाशी जुळेल, असा प्रश्न त्यांना पडला नाही.

आपल्याकडे हे ऐकणे तितके मोकळे कधीच नव्हते. 1885 चा तार कायदा आणि 1933 चा बिनतारी कायदा यांनी परवान्याशिवाय बिनतारी उपकरण बाळगायला मनाई केली. घरच्या साध्या रेडिओलाही 1980 च्या दशकापर्यंत परवाना लागे. त्या जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी 2023 चा दूरसंचार कायदा आला. म्हणून ज्याला या छंदात शिरायचे आहे, त्याने हॅमची परीक्षा देऊन परवाना घेऊन शिरावे. ती वाट कायदेशीर आहे आणि शिकण्याचीही.

अमेरिकेत वारे उलटे वाहते आहे. डेन्व्हरच्या पोलिसांनी 2019 मध्ये आपली सगळी बोलणी कूटबद्ध केली. शिकागोने तीच वाट धरली, पण अर्ध्या तासाच्या विलंबाने ऐकण्याची सोय ठेवली. 2023 मध्ये वीजीच्या न्यूयॉर्कनेही कूटबद्ध करायला सुरुवात केली. पीडितांची नावे, पत्ते उघड हवेत जाऊ नयेत, हे मला पटते. पण शहराच्या रोजच्या कारभाराचा सगळाच आवाज कुलपात गेला, तर नागरिकाला जे घडते ते अधिकाऱ्यांच्या पत्रकातूनच कळणार. शिकागोचा मधला मार्ग तरी इतरांनी विचारात घ्यावा.

डिजिटल वगळून शोध घेणारा श्रोता जुन्या काळात रमला आहे, असे म्हणून त्याला बाजूला सारू नये. त्याच्या शोधात जे जे सापडते, ते बहुतेक असे बोलणे असते ज्यावर दुसऱ्या कोणाचा तरी जीव अवलंबून आहे. आपल्या किनाऱ्यावर, रेल्वेत, आपत्तीच्या कामात नवे संच घेताना डिजिटल जरूर घ्यावेत. त्यांचे फायदे खरे आहेत. पण त्या प्रत्येक संचात एक अ‍ॅनालॉग वाट उघडी राहील, अशी अट खरेदीच्या कागदावर लिहिलेली असावी. संकटात सापडलेल्या माणसाची हाक ज्याच्यापर्यंत पहिल्यांदा पोचते, तो पुष्कळदा ठरलेल्या यादीतला नसतोच.